शंभराला सव्वा

माझ्या पट्टीवर शंभर म्हणजे शंभर नसतात.
शंभराला सव्वा जास्त.
अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं,
म्हणून पॅटर्नमेकरनं आधीच
तेवढं मोठं खोटं बोलून ठेवायचं.
उद्यमबागेत हे मला कुणी शिकवलं नाही.
दोन कास्टिंगं भंगारात गेली, मग कळलं.

हलगीच्या मोटरचं घर मी केलं.
सागवानी, दोन फाकांचं, मधे चार खुंट्या,
कोपऱ्यांत मेण, वरनं शेल्याकचे तीन हात.
अण्णू हुक्केरी स्टुलावर बसून बघायचे,
कानडीत मोजायचे, मराठीत शिव्या द्यायचे.
नागोजी पावशे पैसे आणायचे.
कुठनं, ते विचारायचं नाही.

शेवटी पोटावर दोन अक्षरं बसवली, उठावाची.
हु. पा.
आधी कोण, यावर एक आख्खी दुपार गेली.
नाणं उडवलं, ते मोल्डिंगच्या काळ्या वाळूत पडलं
आणि सापडलंच नाही.
मग मीच ठरवलं.
हुच्या उकाराला जागा डावीकडंच होती.

पहिली गाडी पिरनवाडीच्या रस्त्याला सोडली
तर म्हशी हलेनात.
आवाजच नाही, कशाला हलतील?
म्हणून नाव पडलं हलगी.
कोल्हापूरला दाखवायला नेली
ती दूधगंगेच्या पुलावर बसली, चार्ज संपला.
कर्नाटकातनं ढकलायला सुरुवात केली
आणि महाराष्ट्रात चहा प्यालो.

एकवीस गाड्या विकल्या. एकवीसच.

मग पतसंस्थेचं कुलूप.
नागोजींचा हिस्सा त्यांच्या मेव्हण्यानं घेतला,
मेव्हण्याचा हुबळीच्या एका डीलरनं,
अण्णूंचा त्यांच्या दवाखान्याच्या बिलानं.
डीलरनं सगळं बेंगळूरला विकलं,
बेंगळूरनं पुण्याला,
पुण्यानं अशा एका कंपनीला
जिचं ऑफिस कुठल्याशा बेटावर आहे म्हणतात.
बेटावर रस्ते आहेत काय, एवढंच विचारलं मी.
कुणाला माहीत नव्हतं.

दर मालकाला बोर्ड नवा.
वर कानडी ठसठशीत, खाली इंग्रजी,
मराठी कधी कोपऱ्यात, कधी नाहीच.
त्या बोर्डावरनं दोनदा पोलीस आले.
गाडीवरनं एकदाही नाहीत.

आणि दर वेळी कुणीतरी यादी करायला यायचं.
लेथ, दोन. ड्रिल, एक.
फुगलेल्या बॅटऱ्या, चाळीस.
पॅटर्नवर बोट ठेवून लिहायचं:
लाकडी सामान, किरकोळ.
त्या किरकोळाला मी दर दिवाळीला मेण लावलं.
पगार कधी असायचा, कधी नसायचा.
मेण माझं होतं.

परवा एक पोरगं आलं, लॅपटॉप घेऊन,
बेटवाल्यांनी धाडलेलं.
नवी गाडी काढतायत, जुनंच नाव लावून.
स्थापना म्हणून जे साल छापलंय
त्या साली अण्णूंना जाऊन सहा वर्षं झाली होती.
पोरानं पॅटर्नवर लाल उजेड फिरवला,
कानाकोपरा स्क्रीनवर उतरवला.
माझा रंधा जिथं एकदा घसरला होता
तो ओरखडासुद्धा.
मग थांबला.
काका, हे हु-पा काय आहे?
काढू काय?

मी चष्मा पुसला.
म्हटलं, हात लावू नको.
तोल आहे तो.
तेवढं वजन काढलंस
तर तीन हजार फेऱ्यांवर मोटर थरथरेल.
त्यानं मान डोलावली,
टाइप केलं, सेव्ह केलं.

आता डाय पडेल. म्हणतात, वर्षाला चाळीस हजार.
चाळीस हजार पोटांवर, बॉनेटखाली,
जिथं मेकॅनिकशिवाय कुणी बघत नाही.

संध्याकाळी अनगोळला गेलो, नागोजींकडं.
ऐकू कमी येतंय त्यांना, दोनदा सांगितलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
पा आधी पाहिजे होतं.